पंचगंगेचा भूविविधता नकाशा काढायचा तर किती पडतील?

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी पन्हाळा तालुक्यातल्या एका गावचे सरपंच कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझ्याकडं आले. हातात एका पानाचं कोटेशन. पानाच्या मधोमध एकच ओळ : ‘जिओडायव्हर्सिटी मॅपिंग, पंचगंगा खोरे, १ नग, रु. ४,७५,०००’. खाली बारीक अक्षरात ‘जीएसटी वेगळा’.

“सर, एवढं जरा बघा. पाच-सहा गावं मिळून काढायचं म्हणतोय. रक्कम बरोबर हाय का?”

मी ‘१ नग’ या शब्दांवर बोट ठेवलं. पंखा नगावर मिळतो, पाण्याची टाकी नगावर मिळते. नदीच्या खोऱ्याचा नकाशा नगावर सांगणारा माणूस आपण किती दिवस राबणार आणि कुठं राबणार, हे सांगायचं टाळत असतो. पावणेपाच लाख जास्त की कमी, हे त्या ओळीवरून ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. त्या संध्याकाळी चहाच्या दोन फेऱ्यांत आम्ही जो हिशेब मांडला तोच इथं देतो. गावांना, कॉलेजांच्या भूगोल विभागांना, गिर्यारोहण मंडळांना, पर्यटन आराखडा करायला निघालेल्या कुणालाही तो उपयोगी पडेल.

आधी माल कोणता, ते पाहू. जैवविविधता म्हणजे झाडं, पाखरं, गवे. ती ज्यावर उभी आहे ती निर्जीव बाजू म्हणजे भूविविधता : खडक, डोंगर-पठारं-घळी, माती, झरे आणि ओढे, खनिजं, जीवाश्म. हा शब्द तज्ज्ञांच्या लिखाणात १९९३ पासून रुळला. युनेस्कोनं २०२१ मध्ये ६ ऑक्टोबर हा त्याचा आंतरराष्ट्रीय दिवस ठरवला. नकाशा काढायची रूढ पद्धत अगदी साधी आहे. खोऱ्यावर चौकटी आखायच्या, प्रत्येक चौकटीत किती प्रकारचे खडक, किती भूरूपं, किती माती, किती पाण्याची रूपं, किती खनिजं आहेत ते मोजायचं, बेरीज करायची आणि जास्त बेरजेच्या चौकटी गडद रंगवायच्या. ॲमेझॉनमधल्या शिंगू नदीचं पाच लाख चौरस किलोमीटरहून मोठं खोरं ब्राझील-पोर्तुगालच्या अभ्यासकांनी असंच मोजलं आणि २०१३ मध्ये नकाशा छापला. आपलं अख्खं कृष्णा खोरं त्याच्या निम्मं, सुमारे २ लाख ५९ हजार चौरस किलोमीटर.

आता पैसे. खर्च नदीच्या लांबी-रुंदीवर ठरत नाही, चौकटीच्या आकारावर ठरतो. अख्ख्या कृष्णा खोऱ्यावर २५ किलोमीटर बाजूच्या चौकटी टाकल्या तर जेमतेम सव्वाचारशे होतात. पंचगंगेचं खोरं त्याच्या शंभराव्या हिश्शाएवढं. हिशेबाला २६०० चौरस किलोमीटर धरू. त्यावर २ किलोमीटरच्या चौकटी टाकल्या तर साडेसहाशे होतात, आणि कडेच्या अर्ध्यामुर्ध्या धरून साडेसातशेच्या घरात जातात. म्हणजे छोट्या नदीचं काम मोठ्या नदीपेक्षा महाग. ५ किलोमीटरच्या चौकटी घेतल्या तर पंचगंगेला १४० च्या आसपास पुरतात. कोटेशनमध्ये चौकटीचा आकार लिहिलेला नसेल तर पुढं वाचूच नका. सरपंचांच्या कागदावर तो नव्हता.

‘डेटा शुल्क’ नावाची ओळ दिसली की तिच्यावर सरळ काट मारा. हे मी अनुभवानं सांगतो. काही वर्षांपूर्वी एका एजन्सीनं आमच्या एका छोट्या कामात ‘सॅटेलाइट डेटा व टोपोशीट’ म्हणून ३५ हजार लावले. आम्ही मुकाट्यानं दिले. नंतर कळलं की त्यातली एकही गोष्ट विकतची नव्हती, आणि शेवटी आमच्या हाती काय आलं, तर जेपीजी चित्र. मोठं करायला गेलं की अक्षरं फुटत. त्यामागची मोजणी, चौकटींचे आकडे, काहीच नाही. चूक आमचीही होती. काय द्यायचं ते कागदावर लिहूनच घेतलं नव्हतं.

फुकट काय मिळतं ते ऐका. खडकांचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश संकेतस्थळावर खातं उघडलं की उतरवता येतो. भारतीय सर्वेक्षण विभागाचे त्याच प्रमाणाचे खुले नकाशे पीडीएफमध्ये मिळतात. फेब्रुवारी २०२१ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनंतर नकाशे वापरण्यावरची बरीच बंधनंही गेली. जुन्या क्रमांकांप्रमाणं कोल्हापूर शहर ४७ एल/२ आणि ४७ एल/६ या दोन पत्रकांच्या सीमेवर येतं, विद्यापीठ दुसऱ्या पत्रकात पडतं. गगनबावडा ४७ एच/१४ वर, नरसोबावाडी ४७ एल/१०. सगळं खोरं झाकायला दहाएक पत्रकं लागतात. जमिनीच्या उंचसखलपणासाठी इस्रोच्या भुवनवरचं कार्टोडेम किंवा युरोपचं कोपर्निकस, दोन्ही ३० मीटरची, दोन्ही फुकट. उपग्रहचित्रं सेंटिनेल-२ ची, १० मीटर तपशिलाची, दर पाच दिवसांनी नवी. खोऱ्याच्या सीमा इंडिया-डब्ल्यूआरआयएस या संकेतस्थळावर. संगणकावर लागणारं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअरही फुकट. कोटेशनमध्ये महागड्या सॉफ्टवेअरचं लायसन्स तुमच्या नावावर टाकलं असेल तर विचारा, हे काम क्यूजीआयएसमध्ये का होत नाही? होतं.

मातीचा नकाशा मात्र जरा अडतो. नागपूरच्या राष्ट्रीय मृद सर्वेक्षण संस्थेचा राज्याचा नकाशा १:५,००,००० प्रमाणाचा आहे. त्यावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. असल्या नकाशावर १ किलोमीटरच्या चौकटी आखून ‘सूक्ष्म’ निष्कर्ष काढणं म्हणजे गोणीनं मोजलेल्या गुळाला तोळ्याचा भाव लावणं. बारीक चौकटीचे जादा पैसे मागणाऱ्याला एकच प्रश्न विचारा : तुमचा सगळ्यात जाडाभरडा नकाशा कोणत्या प्रमाणाचा आहे?

दुसरी अडचण खास आपल्याकडची आहे आणि बाहेरून कॉपी केलेल्या पद्धतीत हमखास फसते. भूकोशवर पंचगंगा खोरं उघडा, बहुतेक सगळं एकाच कुळाच्या रंगात दिसेल. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा दख्खनचा लाव्हा, म्हणजे काळा दगड. ब्राझीलच्या धर्तीवर फक्त खडकांचे प्रकार मोजले तर गगनबावड्यापासून नरसोबावाडीपर्यंत सगळं ‘गरीब’ निघेल, आणि पावणेपाच लाखांत तुम्ही एक सपाट रंगाचा कागद विकत घ्याल. खरं तर हा लाव्हा थराथरानं ओळखलेला आहे. भूवैज्ञानिकांच्या थर-यादीत ‘पन्हाळा’ नावाचाच एक थर आहे. पण तो डोळ्यांनी वेगळा दिसत नाही, दगडाच्या रासायनिक घटकांवरून ओळखतात. त्यासाठी नमुने प्रयोगशाळेत धाडायचं कोटेशनमध्ये लिहिलं असेल तर त्या कलमाला नकार द्या. हे काम १९८० च्या दशकातच अभ्यासकांनी करून छापलं आहे.

तसंच ‘जीवाश्म सर्वेक्षण’. बेसाल्टात जीवाश्म मिळत नाहीत. दोन लाव्हांच्या मधल्या गाळाच्या थरात मिळतात, आणि ते थर गाजलेत नागपूरकडचे. पंचगंगेच्या कोटेशनमध्ये हे कलम दिसलं की समजा, कुठल्या तरी दुसऱ्या खोऱ्याचा कागद नाव बदलून तुमच्या हातात दिलाय.

मग पंचगंगेची श्रीमंती मोजायची कशात? भूरूपांत, मातीत आणि पाण्यात. पाणी तर असं की गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि शंभरएक किलोमीटर पूर्वेला शिरोळला पाचशेच्या घरात. जगात मोठमोठ्या नद्यांना जेवढा फरक दिसायला दोन राज्यं ओलांडावी लागतात, तेवढा इथं एका एसटीच्या तिकिटात दिसतो. म्हणून मी सांगतो, खडकाच्या रकान्यात जांभा, बॉक्साइट आणि नदीचा गाळ वेगळे धरा आणि भूरूपांच्या रकान्यावर वेळ घालवा.

एक चौकट मोजून दाखवतो. पन्हाळ्याच्या आसपासची ५ किलोमीटरची. खडकात खाली काळा दगड, वर जांभ्याची टोपी : दोन. भूरूपांत गडाचा माथा, त्याचे सरळ तुटलेले कडे, कड्याखालचा उतार, ओढ्याची घळ आणि खालचं खोरं : पाच. मातीत माथ्यावरची तांबडी, उतारावरची मुरमाड, खोऱ्यातली काळसर : तीन. पाण्यात जांभ्याच्या तळाला पाझरणारे झरे, ओढे, तळं : तीन. खनिजात जांभ्याची चिऱ्याची खाण : एक. बेरीज चौदा. झरे मोजताना उन्हाळ्यात जा. मे महिन्यात जो झरा वाहतो तोच धरायचा, नाहीतर ऑक्टोबरात प्रत्येक वळणावर झरा सापडतो. जांभा आणि काळ्या दगडाच्या जोडावर हात ठेवला की समजतं. वर खडबडीत, भोकाभोकांचा, विटेच्या रंगाचा, खाली गार आणि गुळगुळीत, आणि मधल्या ओलीत बोटाएवढं शेवाळ. वरून झिरपलेलं पाणी खालच्या घट्ट दगडाला अडतं आणि इथं बाहेर येतं. गडावर माणसं का राहू शकली, त्याचं अर्धं उत्तर या जोडात आहे.

आता नरसोबावाडीची चौकट. लोक म्हणतात, तिकडं काय, सगळं सपाट. खडकाच्या रकान्यात नुसता गाळ : एक. पण भूरूपांत पंचगंगा-कृष्णेचा संगम, नदीपात्र, उंच काठ, पूरमैदान : चार. मातीत खोल काळी आणि क्षारपड : दोन. पाण्यात दोन नद्या आणि पूर ओसरल्यावर साचून राहणारी डबकी : दोन. नऊ. सपाट म्हणून हिणवलेली नरसोबावाडी नऊ घेऊन जाते. हे आकडे माझ्या मोजणीतले आहेत, दुसऱ्याचे एक-दोननं वेगळे येतील. म्हणूनच कोटेशनमध्ये ‘मोजणीचे निकष’ नावाचं पान हवं. कोणत्या गोष्टीला एक धरणार, कोणती दोनदा धरणार नाही, ते त्यात लिहिलेलं असलं पाहिजे. जांभा खडकातही एक आणि खाणीतही एक, असं दुहेरी मोजणं ही नेहमीची चूक. माझ्या पन्हाळ्याच्या चौदात तीच आहे, एव्हाना पकडली असेल तुम्ही. तेरा धरा.

तर खर्च शिल्लक राहतो तो माणसांच्या दिवसांचा. पुढचे दर सरकारी नाहीत, मी हिशेबाला धरतो ते आहेत. तुमच्या गावी थोडे खाली-वर होतील. संगणकावर काम करणारा पोरगा किंवा पोरगी दिवसाला १२०० रुपये. शेतात-डोंगरात फिरणारा भूशास्त्राचा जाणकार ४०००. त्याच्याबरोबर वाट दाखवायला गावचा माणूस ८००. गाडी डिझेल-ड्रायव्हरसह ३५००. म्हणजे बाहेरचा एक दिवस ८३०० ला पडतो. दहा टक्के चौकटी प्रत्यक्ष जाऊन पडताळायच्या असा सर्वसाधारण नेम ठेवा. दिवसाला तीन चौकटी होतात, त्यापेक्षा जास्त होतात म्हणणारा गाडीतून उतरत नसणार.

५ किलोमीटरच्या चौकटी : १४० पैकी १४ पडताळायच्या, पाच दिवस, ४१,५०० रुपये. संगणकावर वीस दिवस, २४,०००. छपाई-किरकोळ ३,०००. एकूण ६८,५००.

२ किलोमीटरच्या चौकटी : ७५ पडताळायच्या, पंचवीस दिवस, २,०७,५००. संगणकावर पस्तीस दिवस, ४२,०००. छपाई ५,०००. एकूण अडीच लाखांच्या थोडं वर.

त्यावर १८ टक्के जीएसटी. पण तो लावणाऱ्याकडं नोंदणी क्रमांक मागा. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही, आणि नोंदणी नसलेल्यानं जीएसटी लावायचा नसतो. सरपंचांचे पावणेपाच लाख आता कुठं बसतात ते तुम्हीच बघा. पाच-सहा गावांना पर्यटनाचा आराखडा हवा होता. त्यांना ५ किलोमीटरचा खोरे-नकाशा आणि त्यातल्या आपल्या आठ-दहा चौकटींचं बारीक काम एवढं पुरे होतं. आम्ही मांडलेला आकडा एक लाख दहा हजारांच्या आत बसला.

कॉलेज किंवा मंडळ असाल तर याहून स्वस्तात जमतं. राजारामपुरीतून दुचाकीवर गगनबावडा जाऊन-येऊन ११० किलोमीटर, पेट्रोल अडीच लिटर. पन्हाळा-मसाई पठार-जोतिबा एका दिवसात होतं, पोहाळ्याची लेणीही वाटेत बघून होतात. काळ्या दगडात माणसानं कोरलेलं कसं टिकतं, ते तिथं समजतं. बांदिवड्याला लाव्हाचे स्तंभ आहेत. प्रयाग चिखलीचा संगम तर हाकेच्या अंतरावर. पाच दिवसांचं पेट्रोल, वडा-चहा आणि मेन रोडवर ए-झिरो आकाराचे दोन रंगीत प्लॉट धरूनही तीन-साडेतीन हजारांत विद्यार्थी हे करतात. फक्त पोरं हुशार हवीत आणि सर संयमाचे हवेत.

कधी करून घ्यायचं, यात पैसे वाचतात किंवा बुडतात. जून ते सप्टेंबर उपग्रहचित्रांत नुसते ढग, आणि घाटात जाणं धोक्याचं. नोव्हेंबरमध्ये नदीकाठाला ऊस माणसाच्या दुप्पट उंच असतो. काठ दिसत नाही, पूरमैदानाची पायरी दिसत नाही, रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग. फेब्रुवारी-मार्चमध्ये तोड झाली की रान मोकळं होतं आणि नदीनं कुठं कुठं पात्र बदललं ते एका नजरेत येतं. काम ऑक्टोबरात द्या, संगणकाचा भाग डिसेंबर-जानेवारीत होऊ द्या, फिरती फेब्रुवारीनंतर. राधानगरी अभयारण्यात शिरायचं तर वनखात्याची परवानगी आधी घ्या. ते अभयारण्य २०१२ पासून युनेस्कोच्या पश्चिम घाट वारसा यादीत आहे, तिथं हातोडी घेऊन फिरणं चालत नाही. परवानगी न काढता ठरवलेला फिरतीचा दिवस वाया गेला तर त्याचे ८३०० कोणी भरायचे, हेही करारात लिहा.

ड्रोनचं कलम शक्यतो नको. उजळाईवाडीचा विमानतळ शहराला लागून आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणं विमानतळाभोवतीच्या पट्ट्यात परवानगीशिवाय उडवता येत नाही, आधी डिजिटल स्काय नकाशा बघावा लागतो. शिवाय ३० मीटर तपशिलाच्या उंचसखलपणाच्या माहितीवर ५ किलोमीटरच्या चौकटी मोजताना ड्रोनचं चित्र फोटो अल्बमलाच उपयोगी.

तांत्रिक बाब एकच सांगतो, कारण ती चुकली की सगळे आकडे चुकतात. पंचगंगेचं काम यूटीएम या नकाशा-प्रक्षेपणाच्या ४३ क्रमांकाच्या पट्ट्यात होतं. अख्खी कृष्णा ४३ आणि ४४ अशा दोन पट्ट्यांत सांडते. मोठ्या खोऱ्याला कोणी एकाच पट्ट्यात चौकटी आखून दिल्या तर पूर्वेकडच्या चौकटींचं क्षेत्रफळ फसतं. तिथं क्षेत्रफळ सारखं राखणारं प्रक्षेपण मागा. हा शब्द उच्चारला की समोरचा तुमच्याशी जरा सांभाळून बोलायला लागतो, हाही फायदा.

काय काय हातात घ्यायचं? चौकटींची फाइल, तिला जोडलेले आकडे, निकषांचं पान, पडताळणीचे फोटो जागेच्या अक्षांश-रेखांशांसह, आणि मग छापील नकाशा. या क्रमानं. नकाशा शेवटी, कारण बाकीचं असलं तर नकाशा कोणीही पुन्हा काढेल. फाइल दिलीच नाही किंवा ठरल्याप्रमाणं काम केलं नाही, तर हा सेवेतला दोष आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडं दाद मागता येते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आधी फिरवून बघा. काम नफ्याच्या धंद्यासाठी दिलं असेल तर ‘ग्राहक’ कोण यावर वाद निघू शकतो, म्हणून गावानं किंवा मंडळानं ठरावाची प्रत जपून ठेवावी.

पैसे तीन हप्त्यांत द्या. तीस टक्के सुरुवातीला, पन्नास टक्के फिरतीनंतर पडताळणीचे फोटो बघून, आणि वीस टक्के ती फाइल एजन्सीच्या नव्हे, तुमच्या शाळेतल्या संगणकावर उघडून दाखवल्यावर. सरपंचांनी हे शेवटचं कलम कागदाच्या मागं पेननं लिहून घेतलं, आणि जाताना म्हणाले, “शाळेतला बंद हाय, सर. आधी तो दुरुस्त करायला पायजे.”